एक टोक आवळलेले, एक टोक मोकळे



या खेपेला पेरणीआधी सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ती घरच्या घरी कशी पाहावी, हे लिहायचे योजले होते. त्याच कामासाठी मे महिन्यात चिखली तालुक्यातल्या एका घरी गेलो आणि दिवस भलत्याच कामात गेला. तेच आज आपल्याला सांगतो.

त्या घरचा मुलगा आयटीआय झालेला. अर्धा गोठा झाडून त्याने तिथे लाकडावर नक्षी कोरणारे सीएनसी यंत्र उभे केले आहे. संगणकाने दिलेल्या मापाप्रमाणे हत्यार पुढेमागे, डावीउजवीकडे फिरते आणि दाराच्या फळीवर वेलबुट्टी उमटते, असे हे यंत्र. तयार घेणे परवडेना म्हणून त्याने सुटे भाग मागवले आणि सागाच्या जाड फळ्यांच्या सांगाड्यावर स्वतः जोडले. पैसा सोयाबीनचा. यंत्र मात्र धड चालेना. आई मला ओट्यावरच म्हणाली, "साहेब, तुमीच सांगा जरा याले. याचे बाबा बोलत नाई याच्यासंग."

मी बीएस्सी ॲग्री. यंत्रशाळेतला माणूस नव्हे. पण मळणीयंत्राचे शाफ्ट आणि बेअरिंग पाहता पाहता नोकरीची तीसएक वर्षे गेली, म्हणून वाकून पाहिले.

यंत्राचे हत्यार सरकवतो तो बॉलस्क्रू. नाव नवे, वस्तू आपल्या ओळखीची आहे. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या स्टिअरिंग बॉक्समध्ये हाच असतो. साध्या नटबोल्टात लोखंडावर लोखंड घासते. इथे स्क्रूच्या खाचेतून छर्रे गडगडत जातात, नटाच्या एका बाजूने बाहेर पडून नळीतून पुन्हा मागे येतात. म्हणून तो हलका फिरतो आणि नीट बसवला तर केसभरही मोकळा राहत नाही. नीट बसवला तर! मुलाचे घोडे तिथेच अडले होते.

आधी त्याने स्क्रूची दोन्ही टोके साध्या बेअरिंगमध्ये नुसती टेकवली होती. दिशा बदलली की सबंध स्क्रूच जरासा मागेपुढे सरके. वर्तुळ कोरायला सांगावे तर चपटे निघे. वैतागून त्याने दोन्ही टोके करकचून आवळली. मग नवीच तऱ्हा: सकाळी यंत्र छान चाले, दुपारी एका बाजूला जाताना अडखळे, मोटर गुरगुरे आणि माप चुके. त्याला वाटले मोटर कमजोर. दुसरी मोटर मागवायच्या बेतात होता.

मोटर बिचारी निर्दोष होती. पोलाद तापले की वाढते: एक मीटर लांबीला एका अंशामागे सुमारे १२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे बारा हजारावे भाग. त्याचा स्क्रू १६ मिलिमीटर जाड आणि सव्वा मीटर लांब. टिनाच्या छपराखाली सकाळ ते दुपार १५ अंशांचा फरक सहज पडतो. वाढ झाली २० शतांश मिलिमीटरच्या वर. लाकूड धारेच्या दिशेने एवढे वाढत नाही. दोन्ही टोके बांधलेली, तर वाढलेला स्क्रू जाणार कुठे? बेअरिंगला रेटतो आणि स्वतः बाक घेऊ पाहतो.

यावर रीत ठरलेली आहे. मोटरीकडचे टोक पक्के धरायचे. त्या ठोकळ्यात तिरपा दाब सोसणारी दोन बेअरिंगे एकमेकांविरुद्ध बसवलेली असतात आणि लॉकनटने आवळलेली असतात. बाजारात याला बीके म्हणतात, १६ च्या स्क्रूला बीके १२. पुढचे-मागचे सगळे ओढणे-ढकलणे याच टोकाने सोसायचे. मोटरीने नव्हे. मोटर आणि स्क्रू यांच्यामधली जोडणी फक्त फिरवण्यापुरती. दुसऱ्या टोकाला बीएफ. त्यातले साधे बेअरिंग स्क्रूवर सर्क्लिपने अडकवलेले असते, पण ठोकळ्याच्या भोकात सरकू शकते. स्क्रू वाढला की टोक हळूच पुढे जाते.

मोकळे म्हणजे अधांतरी नव्हे, हे ध्यानात घ्या. दुसऱ्या टोकाला ठोकळाच दिला नाही, तर स्क्रू उड्यांच्या दोरीसारखा फुगून फिरू लागतो आणि सुरक्षित वेग चौथाईच्याही खाली येतो. लांबीचेही तसेच आहे. स्क्रू दुप्पट लांब केला की तो वेग चौथा हिस्सा उरतो. म्हणून कोणी मोठे यंत्र करायचे म्हणून बारीक स्क्रूच लांब मागवत असेल, तर त्याला थांबवा.

ठोकळा बदलला, तरी एका टोकाला जडपणा राहिलाच. मी मुलाला मोटरीची जोडणी सोडायला लावली आणि स्क्रू हाताने फिरवून पाहिला. मध्यभागी लोण्यासारखा, दुसऱ्या ठोकळ्याजवळ नट गेला की घट्ट. यावरून ओळखायचे: तो ठोकळा खाली, वर किंवा बाजूला आहे. मध्यावर स्क्रू लवचीक असतो, म्हणून चूक लपते. टोकाशी लपायला जागा नसते. मग ठोकळ्याचे बोल्ट ढिले केले, नट त्याच्या अगदी जवळ आणला, स्क्रूला आपली जागा घेऊ दिली आणि फट पाहिली. दाढीचे पाते मावेल एवढी, म्हणजे सुमारे १० शतांश मिलिमीटर. तेवढ्या जाडीची पितळी पत्ती खाली सारली आणि नट तिथेच ठेवून बोल्ट आवळले. पक्क्या ठोकळ्याचेही असेच करावे, नट त्याच्याजवळ आणून, आणि ते आधी करावे. बसवताना स्क्रू सरकपट्ट्यांना दोन्ही अंगांनी समांतर हवा, उंचीतही आणि बाजूलाही.

दोन गोष्टी राहिल्या. नट स्क्रूवरून उपसू नका. छर्रे गोठ्यात विखुरले तर शेणातून वेचावे लागतील. काढायचाच झाला तर स्क्रूच्या खाचेच्या तळाएवढ्या जाडीच्या नळीवर सरकवून घ्यावा. आणि हात घालण्यापूर्वी वीज बंद, बटणाने नव्हे, प्लग काढून.

भुसा आणि कुटार यांची धूळ छर्ऱ्यांची वैरी आहे, म्हणून स्क्रूवर झाकण हवे असे मी म्हणत होतो, तोच मुलाचे वडील ट्रॅक्टरची ग्रीसगन घेऊन दारात उभे राहिले. "किती पंप मारू?" त्यांनी मला नव्हे, मुलाला विचारले.

"एकच, बाबा. आणि आधी जुनं पुसून घेऊ."

बियाण्याच्या उगवणशक्तीचे पुढच्या अंकात.