अकरा अंशांचा शनिवार

शनिवारी पहाटे सहाला उठणं हा आपल्याकडे गुन्हाच. सुट्टीवर असताना तर अजामीनपात्र! पण गेल्या नोव्हेंबरात डब्लिनला कॉलेजच्या मैत्रिणीकडे राहायला गेले, आणि बाईसाहेबांनी चक्क पांघरूण ओढलं. ‘‘चल, समुद्रात जायचंय.’’ बाहेर मिट्ट काळोख.

तिथल्या लोकलने, म्हणजे ‘डार्ट’ने, सँडीकोव्हला उतरलो. खडकात ‘फॉर्टी फूट’ नावाची डुंबायची जागा आहे. शेजारी नेपोलियनच्या धास्तीने बांधलेला गोल बुरूज. १९०४ मध्ये जेम्स जॉइस तिथे जेमतेम सहा रात्री राहिला आणि पुढे ‘युलिसिस’ची सुरुवात तिथेच केली. फॉर्टी फूटवर एकेकाळी फक्त पुरुषांना प्रवेश होता. १९७० च्या दशकात बायकांनी आंदोलन करून पाण्यात उड्या घेतल्या. आमच्या ग्रुपमध्ये आता पाचात चार मुली!

पाणी ११ अंश. पुण्यात पारा अकरावर आला की आपण कानटोपी शोधतो. आणि पाणी तर अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त वेगाने खेचतं. पण मी टिळक टँकवर वाढलेली मुलगी. म्हटलं, खडकावरून मस्त सूर मारू. ग्रुपमधल्या केरळच्या नर्सने दंडच धरला. पायऱ्यांनीच उतरायचं, कठडा सोडायचा नाही. गार पाणी अचानक लागलं की माणूस नकळत मोठ्ठा श्वास घेतो, पुढची दोन-तीन मिनिटं श्वास ताब्यात राहत नाही. तेव्हा तोंड पाण्याखाली असलं तर संपलंच. चांगले पोहणारेही गारठून नाही, या पहिल्या धक्क्यातच बुडतात.

उतरले. कमरेपर्यंत ठीक. छातीला पाणी लागलं आणि श्वास कुठे गेला कळेना! नुसती हा-हा-हा. सगळे भोवती थांबले. ‘‘सोड, श्वास बाहेर सोड,’’ मैत्रीण म्हणत राहिली. मग एकदम सगळं शांत झालं आणि समोर खाडीवर उजाडत होतं.

पाच मिनिटांत बाहेर. खरी थंडी त्यानंतर वाजते, कारण शरीर आतून आणखी थोडा वेळ गार होत राहतं. म्हणून आधी कोरडे कपडे, मग चहा. माझी बोटं बटणंही लावेनात. मैत्रिणीने लावली.

लावता लावताच म्हणाली, ‘‘मागच्या हिवाळ्यात मी शनिवार-रविवार घराबाहेरच पडत नव्हते. चारला अंधार व्हायचा. झोपून राहायचे. फोनवर आईला सांगायचे, सगळं मस्त.’’

मलाही तेच सांगायची. दर आठवड्याला. आणि मी स्मायली पाठवून मोकळी व्हायचे.

ती नर्स तिच्याच बिल्डिंगमध्ये राहते. फेब्रुवारीत तिनेच बेल वाजवली. ग्रुपचा एकच नियम आहे: कुणी शनिवारी आलं नाही, तर कुणीतरी जाऊन तिची बेल वाजवायची. पाण्यात उतरायचं की नाही, ते तिने ठरवावं.

‘‘मला का नाही सांगितलंस?’’

‘‘तू डेडलाइनवर होतीस ना.’’ टोमणा नव्हता हो. खरंच होते मी. कायमच असते.

माझं परतीचं विमान शुक्रवारचं होतं. रविवारचं करून घेतलं. चार्ज जबरी बसला.