हिऱ्यातील खोट आणि भोवतालची शांतता

आम्ही कला शाखेचे विद्यार्थी वक्तृत्व स्पर्धेत विज्ञानाकडून उपमा उसन्या घेतो. त्यामागचे विज्ञान मात्र घेत नाही. हिऱ्यातील दोषाची उपमा अशीच आहे. "निसर्गात दोषालाही मोल असते," असे म्हटले की टाळ्या पडतात. माझ्या मते हे विधान अर्धेच खरे आहे, आणि राहिलेला अर्धा भाग अधिक मोलाचा आहे.

हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची नेटकी रचना. क्वचित एखाद्या कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू येऊन बसतो आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते. गुजरीतल्या सराफाच्या भिंगालाही न दिसणारी ही खोट! परंतु तेथे अडकलेल्या इलेक्ट्रॉनांच्या 'स्पिन' या गुणामुळे ती इवल्याशा चुंबकासारखी वागते. तिच्यावर हिरवा प्रकाश टाकला की ती तांबडा उजेड देते. सेकंदाला सुमारे २८७ कोटी आवर्तनांच्या सूक्ष्मलहरी दिल्या की स्पिनची स्थिती पालटते व उजेड मंदावतो. जवळ चुंबकीय क्षेत्र असेल तर हा आकडा सरकतो. किती सरकला त्यावरून क्षेत्र मोजता येते. विशेष म्हणजे हे सारे खोलीच्या नेहमीच्या तपमानात घडते.

१९९७ साली जर्मनीतील संशोधकांना अशा एकेका दोषाचा स्पिन वाचता आला. आपल्याकडे मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये प्रा. कस्तुरी साहा यांच्या गटाने याच तत्त्वावर सूक्ष्मदर्शक उभारला आहे. केंद्र सरकारने २०२३ साली मंजूर केलेल्या ६,००३ कोटी ६५ लाख रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेत सूक्ष्म मापनाचे केंद्रही त्याच संस्थेकडे आहे.

आता तो राहिलेला अर्धा भाग. स्पिनची ही स्थिती फार नाजूक असते; भोवती इतर चुंबकीय अणू असले की ती लवकर विस्कटते. नैसर्गिक कार्बनमध्ये शेकडा सुमारे १.१ अणू कार्बन-१३ चे असतात आणि त्यांची केंद्रे स्वतःच लहान चुंबके असतात. ते अणू कमी करून मुद्दाम घडवलेल्या हिऱ्यात २००९ साली ही स्थिती सेकंदाच्या हजाराव्या भागाहून अधिक काळ टिकली. म्हणजे नुसत्या खोटीला मोल नाही. तिच्याभोवती राखलेल्या शुद्धतेमुळे तिला मोल येते.

उपमा घ्यायचीच तर पुरी घ्यावी. आमच्या कसबा बावड्यात एखाद्या मुलाने नाव काढले की चौकात फलक लागतो, शाल-श्रीफळ मिळते. ते जरूर मिळावे. पण शेजारच्या गल्लीत दोन खोल्यांत पाच माणसांमध्ये बसून अभ्यास करणाऱ्या मुलीच्या कानाशी ऐन परीक्षेत कर्णा वाजतो, त्याचे काय? तिची बुद्धी कमी नसते. ती टिकायला लागणारी शांतता आपण तिला देत नाही. गुणवंताचे कौतुक एका संध्याकाळीत उरकते. भोवतालची शांतता वर्षभर राखावी लागते, म्हणून ते काम कोणी अंगावर घेत नाही.

तालमींच्या आणि मंडळांच्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. एका सत्काराचा खर्च वाचवा, तालमीची एक खोली परीक्षेचे तीन महिने अभ्यासाला द्या, आणि तेवढे दिवस कर्णा बंद ठेवा.