तवंगाचाही नमुना घ्या

कामोठ्याच्या मानसरोवर स्थानकात गाडीची वाट पाहताना रुळांपलीकडे तिवरांची हिरवी रेघ दिसते. पाणी दिसत नाही. पाणी पाहायचे तर जुई गावाच्या बाजूला, ओहोटी सुरू झाल्यावर जावे लागते. तेव्हा चिखलाच्या कडेने पाणी मागे सरकते आणि त्याच्यावर निळा-जांभळा, मध्येच सोनेरी पदर पसरलेला दिसतो. आपण त्याला तवंग म्हणतो आणि नाक दाबून परत फिरतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की पनवेल खाडीच्या तब्येतीबद्दल हा पदर सर्वात जास्त बोलतो आणि तपासणीत नेमका तोच बाहेर राहतो.

१. नमुना कुठून घेतला जातो, ते आधी पाहू. पाण्याच्या नियमित तपासणीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की प्रवाहाच्या मध्यावर, पृष्ठभागापासून ३० सेंटिमीटर खाली बाटली भरावी. विरघळलेला प्राणवायू किंवा बीओडी (जैविक प्राणवायू मागणी) मोजायला हे योग्यच आहे. वर तरंगणारा कचरा बाटलीत आला तर हिशेब बिघडतो. पण त्यामुळे वरचा पदर रीतसर वगळला जातो. अहवालात येतो तो खाडीच्या पोटाचा आकडा. तिच्या कातडीचा आकडा कुठेच नसतो.

२. ही कातडी किती पातळ? समुद्ररसायनशास्त्रात पाण्याचा सर्वात वरचा, एक मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीचा थर वेगळा मानतात. तेल, वंगण, कीटकनाशके, जड धातू, प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण यांतले पुष्कळसे पाण्यात नीट मिसळत नाहीत. ते वर येऊन या थरात साठतात. खालच्या पाण्याच्या तुलनेत तिथले प्रमाण काही पटींपासून काहीशे पटींपर्यंत जास्त आढळते.

थोडे तेल पाण्यावर किती पसरते ते पाहा. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपम इथल्या तळ्यात चमचाभर तेल ओतले आणि जवळपास अर्धा एकर पाणी आरशासारखे शांत झाल्याचे १७७४ साली प्रसिद्ध केले. अर्धा एकर म्हणजे आपले २० गुंठे. इंद्रधनुषी रंग दिसू लागतो तेव्हा तवंगाची जाडी एका मिलिमीटरच्या तीन दशसहस्रांशाएवढी असते. या जाडीने हिशेब केला तर गॅरेजमधून गटारात सोडलेले एक लिटर जुने ऑइल ३३ गुंठे पाणी रंगवू शकते. ज्यांच्या घरी शेतजमीन होती, त्या कामोठ्यातल्या जुन्या कुटुंबांना ३३ गुंठे म्हणजे केवढे, हे वेगळे सांगायला नको.

३. याच थरात जीव जन्माला येतात, आणि माझ्या दृष्टीने सर्वात गंभीर मुद्दा हाच आहे. कितीतरी माशांची अंडी तरंगती असतात. ती आणि नुकती फुटलेली पिल्ले वरच्या थराच्या सान्निध्यात वाढतात. अमेरिकेत सिॲटलजवळच्या प्युजेट साउंडमध्ये जॉन हार्डी आणि सहकाऱ्यांनी शहरालगतच्या उपसागरांतून हा वरचा थर गोळा केला आणि त्यात माशांची अंडी वाढवून पाहिली. तिथल्या बऱ्याच नमुन्यांत अंडी कमी फुटली, पिल्लांत व्यंगे दिसली. हे संशोधन १९८७ साली प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. माशांना प्रजननासाठी उसंत मिळावी, हे या बंदीचे एक मोठे कारण. आणि वर्षभर रस्त्यांवर, ट्रकतळांवर साचलेले तेल पहिल्या जोरदार पावसात नाल्यांतून खाडीत येते तेही जूनमध्येच. मच्छीमाराने जाळे गुंडाळून ठेवायचे आणि आपण त्याच महिन्यात पाण्यावर विषाचा पदर अंथरायचा, हे मला अन्यायाचे वाटते.

४. ओहोटी हा पदर जिथे टेकवते तिथे तिवरांची श्वसनमुळे आहेत. चिखलातून वर आलेल्या त्या काड्यांवरच्या बारीक छिद्रांतून झाड हवा घेते. चिखलातली निवटी मासोळी तर ओल्या कातडीतूनही श्वास घेते. दोघांवर दिवसातून दोनदा हा लेप चढतो. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजे आदळली आणि तेल उरण, घारापुरी, वाशीच्या तिवरांपर्यंत पोहोचले, तेव्हा सगळे हळहळले. रोजच्या पातळ लेपाला मात्र बातमीत जागा नाही.

५. दोष कुणाचा? तळोजा औद्योगिक वसाहतीचे आणि कासाडी नदीचे नाव पहिले येते, ते योग्यच आहे. कासाडीच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले तेही एका मच्छीमारामुळे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळे कुत्रे फिरताना दिसले आणि रंगाचा कारखाना बंद करण्याचे आदेश निघाले, कारण कुत्र्याच्या पाठीवरचा रंग सगळ्या देशाला दिसला. पण तवंगात कळंबोलीच्या लोखंड बाजारात येणाऱ्या ट्रकांचे डिझेल आहे, गॅरेजांचे ऑइल आहे, आणि आपल्या सेक्टरांतल्या वडापावच्या गाड्यांनी व हॉटेलांनी गटारात ओतलेले तळणाचे तेलही आहे. वापरलेले वंगणतेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचे असते. तळणाचे तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची केंद्राची योजना २०१८ पासून आहे. कोणाचा वाटा किती, हे भांडून ठरणार नाही. डिझेल, वंगण आणि खाद्यतेल यांची रासायनिक ठेवण वेगळी असते. प्रयोगशाळा ती ओळखू शकते. त्यासाठी आधी नमुना हवा.

६. प्रत्येक चकाकी तेलाची नसते, हा आक्षेप खरा आहे. साचलेल्या पाण्यात लोहजिवाणूंचाही असाच रंगीत पापुद्रा धरतो. काठीने ढवळून पाहा: जिवाणूंचा पापुद्रा काचेसारखा तुकड्यांत फुटतो, तेलाचा तवंग फिरून जुळतो. सूक्ष्म वनस्पतींच्या स्रावांचाही नैसर्गिक थर असतो. म्हणूनच मी छायाचित्रांवरून आरोप करा असे म्हणत नाही, मोजा म्हणतो.

७. मोजणे अवघड नाही. १९७२ पासून वापरात असलेली पद्धत अशी: स्वच्छ काचेची पट्टी पाण्यात उभी बुडवायची, सावकाश वर काढायची आणि तिला चिकटलेला थर रबरी पट्टीने निपटून काचेच्या बाटलीत घ्यायचा. २० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या काचेवर एका खेपेला जेमतेम चमचाभर पाणी येते, म्हणजे एका लिटरला दोनशेच्या आसपास खेपा. कष्टाचे काम आहे, पण रसायनशास्त्र शिकणारी चार मुले एका सकाळी करतील. त्याच जागी ३० सेंटिमीटर खालचीही बाटली भरायची. वरच्या आकड्याला खालच्याने भागले की तवंगात किती पटीने साठले आहे ते कळते.

अशा पातळ थरांतून मोठे काम झालेले आहे. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या नारायण भोसले आणि सहकाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या पाण्यात, प्राण्यांत, गाळात आणि बुडालेल्या पृष्ठभागांवर धरणाऱ्या बुळबुळीत जैवथरात जहाजांच्या रंगातली ब्युटिलटिन संयुगे मोजून २००४ साली मांडली. जगभरच्या अशा मोजणीतून त्या रंगांवर आंतरराष्ट्रीय बंदी आली; २००८ च्या सप्टेंबरमध्ये ती लागू झाली.

८. मागणी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कासाडीच्या मुखाशी, कामोठ्याच्या नाल्यांच्या तोंडाशी आणि जुईजवळच्या खाडीत तवंगाचे नमुने घ्यावेत. पनवेल महापालिकेने स्थानिक महाविद्यालयांना सोबत घ्यावे आणि नाल्यांच्या तोंडाशी तेल अडवणारे तरंगते अडसर बसवावेत. नमुने भांगाच्या दिवसांत, वारा पडलेला असताना, ओहोटीला घ्यावेत. ती वेळ जुईच्या मच्छीमारांना विचारून ठरवावी आणि त्यांच्या होडीचे भाडे द्यावे. पहिली खेप मे महिन्यात, दुसरी पहिल्या जोरदार पावसानंतर दोन दिवसांच्या आत. दोन्ही आकडे मानसरोवर आणि खांदेश्वर स्थानकांबाहेर मराठीत लावावेत.