ग्वाल्हेरचे गाणे



ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागात खासगी बाजार नावाची वस्ती आहे. 'खासगी' हा शब्द मराठी दौलतीच्या दप्तरातला. इ. स. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांच्या फौजेची छावणी या बाजूस पडली. छावणीचे शहर झाले, आणि फौजेमागून आलेली मराठी कुटुंबे येथेच कायमची राहिली. त्यांनी येताना आपली भाषा आणली आणि येथे आल्यावर एक गाणे उचलले. त्या गाण्याविषयी, आणि ते जन्मभर गाणाऱ्या पंडित कृष्णराव शंकर पंडित यांच्याविषयी आज लिहावयाचे आहे. प्रस्तुत लेखक त्यांच्या गाण्याचा निस्सीम चाहता आहे, तेव्हा तटस्थपणाची अपेक्षा कोणी ठेवू नये.

कृष्णरावांचा जन्म १८९३ सालचा आणि मृत्यू १९८९ मधला. शहाण्णव वर्षांचे हे आयुष्य बहुतेक सारे ग्वाल्हेरातच गेले. त्यांचे वडील शंकरराव पंडित हे हद्दू खाँ व नत्थू खाँ या दरबारी गवयांचे शिष्य. पुढे नत्थू खाँचे दत्तक पुत्र निसार हुसेन खाँ यांच्याकडे शंकररावांनी तालीम घेतली. हे खाँसाहेब उतारवयात शिष्याच्याच घरी येऊन राहिले. ब्राह्मणाचे सोवळ्याओवळ्याचे घर, आणि त्यात मुसलमान गुरू वडीलधाऱ्याच्या मानाने नांदतो आहे! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही गोष्ट सोपी नव्हती. लहानग्या कृष्णरावाच्या कानी पहिले सूर पडले ते याच घरात. १९१४ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी ग्वाल्हेरात संगीताची शाळा काढली. पुढे तिला वडिलांचे नाव दिले. शंकर गांधर्व महाविद्यालय ते हेच.

आता गाण्याकडे वळू. पुष्कळांना शास्त्रीय संगीत म्हणजे संपता न संपणारा आलाप वाटतो. ग्वाल्हेरचे गाणे तसे नव्हे. येथे गवई प्रथम चीज मांडतो, अस्थायी आणि अंतरा दोन्ही पूर्ण, शब्द स्वच्छ, ताल सरळ. यजमानाने पाहुण्यास प्रथम सारे घर दाखवावे आणि मग एकेका खोलीत बसवून घ्यावे, तसा हा प्रकार आहे. त्यानंतर बहलावे येतात, म्हणजे सुरांना सावकाश झोके देत केलेला विस्तार. मग शब्दांना धरून चालणाऱ्या बोलताना. आणि शेवटी वरून खाली सरळ कोसळणाऱ्या सपाट ताना. विलंबित ख्याल तिलवाड्यात किंवा झुमऱ्यात असला तरी लय फार संथ नसते. अलीकडे अनेक गवई एकेक आवर्तन जवळजवळ मिनिटभर लांबवितात. त्यात सुरांची शोभा असेल, पण चिजेचे शब्द एकमेकांपासून इतके दूर जाऊन पडतात की गाणे कशाविषयी आहे हेच श्रोता विसरतो. हे माझे मत पुष्कळांना रुचणार नाही.

रागांच्या बाबतीतही हा मार्ग साधा आहे. यमन, भूप, केदार, हमीर, कामोद, अल्हैया बिलावल असे ओळखीचे राग घ्यावेत आणि त्यांतच नवे काही दाखवावे. अनवट रागाच्या आडोशाला लपण्याची सोय येथे नाही.

कृष्णरावांचा खरा हातखंडा मात्र टप्प्यात आणि तराण्यात. टप्पा मूळ पंजाबाकडचा, उंटवाल्यांच्या गाण्यांवरून निघालेला, असे सांगतात. त्यास दरबारी रूप शोरी मियाँनी दिले. यात सूर क्षणभरही स्थिर राहात नाही. प्रत्येक शब्दाला लहान लहान तानांच्या झालरी लागलेल्या, आणि त्या झालरींतून नेमके समेवर येऊन उतरावयाचे. गळा आणि हिशेब दोन्ही तयार असल्याखेरीज हे जमत नाही, म्हणूनच टप्पा गाणारे आज थोडेच उरले आहेत. कृष्णराव तो गातात तेव्हा तबलजी पुढे की गवई पुढे, असा प्रश्न पडावा!

त्यांच्या गाण्यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो: आवाजात गोडवा नाही. आज ऐकावयास मिळणारी त्यांची बहुतेक ध्वनिमुद्रणे उतारवयातील आहेत. आवाज खरखरीत झालेला, श्वास क्वचित अपुरा. पण या आवाजाला कोठेही लाडीगोडी लावण्याची गरज वाटत नाही, हे ऐकून पाहावे. तो पूर्ण उघडा, छातीतून येणारा सूर आहे. लय किंचितही सैल पडत नाही. तीन मात्रा उरल्या असताना जेथे इतर गवई घाई करतील तेथे हा म्हातारा आणखी एक वळण घेऊन येतो. गोड आवाज हवा असणाऱ्याने दुसरीकडे जावे.

आपल्या गावातील मुले गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात, त्यांचाही या शहराशी संबंध आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथील विद्या वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून शिकून महाराष्ट्रात घेऊन गेले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले, आणि पलुसकरांच्या शिष्यांनी १९३१ साली ते मंडळ उभारले. पेटीवर पहिला भूप वाजविणाऱ्या मुलाला हे कोणी सांगत नाही.

सन्मान कृष्णरावांना मिळाले. १९५९ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७३ साली पद्मभूषण. शरच्चंद्र आरोलकरांसारखा शिष्य मिळाला. पुत्र लक्ष्मणराव आणि नात मीता यांनी घरचे गाणे पुढे चालविले.

ज्यांस हे गाणे प्रथमच ऐकावयाचे आहे त्यांनी लांबलचक ख्यालापासून आरंभ करू नये. एखादा लहानसा तराणा घ्यावा, मुलांना जवळ बसवावे आणि हाताने ताल धरावा. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला मुलेच सम ओळखून मान हलवू लागतील. टप्प्याची पाळी त्यानंतर.