हलक्या हाताला जड पिस्तूल

हलकं ते चांगलं, अशी आपल्या समाजाची एक गोड समजूत आहे. हलका आहार, हलका व्यायाम, हलकं वाचन. (तिसऱ्या प्रकाराविरुद्ध मला फारसं बोलता येणार नाही, कारण संपादक मंडळी हा लेख त्यातच टाकतील.) बॅग हलकी हवी, चष्म्याची काडी हलकी हवी, आणि लग्नात सासरचे हलके मिळाले तर पत्रिका न बघता होकार द्यावा. माझी याला काही हरकत नाही. पण या यादीत आता पिस्तूलही जाऊन बसलं आहे, आणि माझं भांडण आहे ते इथे.

“नवशिका आहे ना? मग त्याला छोटंसं, हलकंसं द्या की!” हे वाक्य मी कैक वर्षं ऐकतो आहे. एका जिल्ह्याच्या गावातल्या रायफल क्लबात दर रविवारी सकाळी नव्या मंडळींच्या पाठीमागे उभं राहून “बोट चापावरून काढा!” असं ओरडण्याचं बिनपगारी काम माझ्याकडे आहे. त्यामुळे हे वाक्य म्हणणाऱ्यांचे सगळे नमुने मला ठाऊक आहेत. शिकणारी बाई असली की वाक्याला जास्तच मध लागतो. हात नाजूक, म्हणून हत्यार नाजूक. बोलणारा बहुधा नवरा, बाप किंवा दीर असतो, आणि ज्या हाताची त्याला काळजी वाटते, त्या हाताने सकाळी गॅस सिलिंडर फिरवत फिरवत दारापासून ओट्यापर्यंत आणलेला असतो. त्या वेळी दीर पेपर वाचत होता.

आता शास्त्र सांगतो. घाबरू नका, स्वयंपाकघरातलंच आहे. हलका मिक्सर चटणी वाटताना ओट्यावरून चालायला लागतो आणि घरातल्या कोणाला तरी त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभं राहावं लागतं. पाटा कधी चालत गेल्याचं ऐकलंय? पाट्याला वजन आहे. बंदुकीचंही तसंच. गोळी पुढे जाते तेव्हा ती हत्याराला तेवढ्याच जोराने मागे ढकलते, हे न्यूटनसाहेबांनी सांगून सव्वातीनशेहून अधिक वर्षं झाली. काडतूस तेच ठेवून हत्याराचं वजन निम्मं करा. ते दुप्पट वेगाने मागे येतं आणि तुमच्या मनगटाला पचवायची ऊर्जाही दुप्पट होते. म्हणजे हलकं पिस्तूल खिशाला हलकं, कमरेला हलकं, आणि हाताला मात्र जड. ते दिवसभर बाळगणाऱ्याच्या सोयीचं आहे. शिकणाऱ्याच्या सोयीचं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच मला जगाला सांगायचं आहे, आणि जग ऐकत नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या त्या भयंकर घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी फील्ड गन फॅक्टरीने ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणलं. बत्तीस बोअर, टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन ५०० ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या आसपास, आणि हे सगळं दागिन्यासारखं मरून रंगाच्या डबीत! डबी पाहून माझे एक शेजारी इतके हरखले की, लेकीच्या पंचविसाव्या वाढदिवसाला हेच घ्यायचं असं त्यांनी ठरवूनच टाकलं. परवाना ही गोष्ट त्यांच्या हिशेबात मागाहून आली, आणि नेम ही गोष्ट आलीच नाही. खरं तर बत्तीसचं हे काडतूस स्वभावाने सौम्य आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण त्याच बोअरचं नेहमीचं देशी रिव्हॉल्व्हर सुमारे ७०० ग्रॅमचं असतं. म्हणजे खास बायकांसाठी म्हणून जे केलं, त्यात धक्का जवळजवळ दीडपटीला नेऊन ठेवला. वर डबी.

अमेरिकेत या वेडाला सीमाच नाही. तिथे साडेतीनशे ग्रॅमची रिव्हॉल्व्हरं मिळतात, आणि त्यांत .३५७ मॅग्नमसारखं दांडगं काडतूस चालतं. काही हत्यारं गुलाबी रंगातही येतात, म्हणजे मनगट दुखलं तरी रंगसंगती बिघडायला नको. अशा अतिहलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये धक्का असा बसतो की, चक्रात आपल्या पाळीची वाट पाहणाऱ्या काडतुसांतल्या गोळ्या जागच्या सुटून पुढे सरकतात आणि कधीकधी चक्रच अडकवतात. गोळीलासुद्धा जिथे थांबवत नाही, तिथे नवशिक्याने पाय रोवून उभं राहावं अशी अपेक्षा!

आता दुसरं टोक पाहा. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. या प्रकारातलं काडतूस बावीस बोअरचं, गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. आणि पिस्तूल? नियमाने १४०० ग्रॅमपर्यंत चालतं, आणि चांगल्या नेमबाजांची पिस्तुलं किलोच्या घरात असतात. म्हणजे जिने जग जिंकलं तिच्या हाती जड हत्यार आणि चिमुकली गोळी. आणि जिला अजून चाप कुठे असतो हे शोधायचं आहे, तिच्या हाती चिमुकलं हत्यार आणि दांडगी गोळी. सर्कशीत नव्या पोराला पहिल्या दिवशी झोक्यावर चढवून जाळी काढून घेण्यातला हा प्रकार आहे.

बरं, लहान पिस्तुलाचा त्रास वजनापाशी संपत नाही. मूठ एवढीशी, त्यामुळे करंगळीला जागाच नाही. ती पाहुण्यासारखी बाहेर लोंबकळते. नळी हाताच्या वर असल्यामुळे धक्क्याने तोंड वर उसळतं, आणि धरायला जागा कमी असली की जास्त उसळतं. पिस्तुलाचा वरचा सरकता भाग लहान आणि हलका, म्हणून आतली स्प्रिंग बहुधा ताठ. तो मागे ओढताना पहिलवानाच्याही तोंडून “आई गं” निघतं. मनगट ढिलं राहिलं तर पुढचं काडतूस नीट चढत नाही आणि पिस्तूल मध्येच रुसून बसतं. रिव्हॉल्व्हर घ्यावं, तर नुसता चाप ओढून उडवायला चार-पाच किलोचा जोर लागू शकतो. अर्ध्या किलोच्या वस्तूवर पाच किलो ओढायचे आणि वर ती हलता कामा नये!

पण खरं नुकसान मनगटाचं होत नाही, मनाचं होतं. दोन-चार धक्के बसले की शरीर शहाणं होतं. चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटतात, खांदे आखडतात आणि हात आपणहून नळी खाली दाबतो. गोळी लक्ष्याच्या खाली, मातीत. माणसाला वाटतं, आपली नजर अधू. नजर ठणठणीत असते; भीतीने हाताला सवय लावलेली असते, आणि ही सवय दोन मिनिटांत लागते व सुटायला दोन महिने घेते. आमच्याकडे अकरावीतली एक मुलगी आली होती. एका उत्साही काकांनी पहिल्याच दिवशी तिला आपलं छोटं पिस्तूल उडवायला दिलेलं. आम्ही भरलेल्या काडतुसांत गुपचूप एक खोटं काडतूस मिसळलं. चाप ओढला, नुसती टिचकी वाजली, आणि आवाज नाही, धक्का नाही, तरीही नळी चांगली चार बोटं खाली गेली. ती स्वतःशीच हसली. काका हसले नाहीत.

काकांसारख्यांवर माझा खरा राग आहे. नवख्याच्या हाती मुद्दाम दणकट धक्क्याचं हत्यार द्यायचं, आणि तो भेलकांडला की मोबाइलवर चित्रण करून नातेवाइकांना दाखवायचं, याला हे लोक गंमत म्हणतात. २०१४ साली अमेरिकेत ॲरिझोना राज्यात पर्यटकांच्या करमणुकीच्या अशाच एका जागी नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती, चाप दाबून धरला की झडतच राहणारी उझी दिली. धक्क्याने नळी वर आणि बाजूला गेली, आणि शेजारी उभा असलेला शिक्षक डोक्यात गोळी लागून गेला. त्या पोरीचा काय दोष होता? तेव्हापासून ‘गंमत’ हा शब्द मी मैदानावर उच्चारू देत नाही. नव्या माणसाला पहिल्यांदा एकच काडतूस. ते उडालं, हत्यार खाली ठेवलं, मग दुसरं.

आमच्याकडे सुरुवात छऱ्याच्या पिस्तुलाने होते, कारण त्याला धक्का नाहीच म्हटलं तरी चालेल. मग बावीस बोअरचं जडसं पिस्तूल. अंगठा आणि तर्जनी यांमधली बेचकी मुठीवर जाईल तितकी वर, पण सरकत्या भागाच्या वाटेत नाही. दुसऱ्या हाताने उरलेली मूठ भरून काढायची. कंबरेतून किंचित पुढे झुकायचं. मागे रेलून, पोट पुढे काढून उभे राहणारे फोटोत छान दिसतात, पण पहिल्याच बाराला आणखी मागे जातात. धक्क्याशी कुस्ती खेळायची नाही, तो येऊ द्यायचा आणि नळी आपोआप जागेवर उतरते का ते बघायचं. कानाला मफ सक्तीचे, कारण अर्ध्याहून जास्त लोक धक्क्याला भीत नाहीत, आवाजाला भितात, आणि आखूड नळीचा आवाज मोठा. डोळ्याला चष्मा.

आणि दहा काडतुसं झाली की बंद. थकलेला हात धक्क्याला घाबरायला शिकतो. “आणखी पाचच, काका!” असं म्हणणाऱ्याला मी हाताला धरून बाहेर नेतो आणि क्लबाच्या कँटीनचा चहा पाजतो. त्या चहानंतर पुढच्या रविवारपर्यंत कोणी काही मागत नाही.