लोणी देवकरला लाँच कशाला?

‘समुद्र नाही तिथे पोलिसांना लाँच कशाला?’ लोणी देवकरच्या महामार्गावर उभं राहून हा प्रश्न विचारणं सोपं आहे. उत्तरेला वळून उजनीच्या काठाशी गेलं की तो तोंडातून निघत नाही. ११७ टीएमसीचं धरण, अलीकडे इंदापूर, पलीकडे करमाळा आणि रस्त्याचा वळसा वाचवायला रोज पाणी ओलांडणारी माणसं. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला, सहा जण बुडाले.

‘अशा वेळी एनडीआरएफ येतेच की.’ येते, आणि जिवावर उदार होऊन काम करते. पण तिचं ठाणं तळेगावजवळ सुदुंबऱ्याला. तिथून पथक निघून काठावर पोचेपर्यंत बुडणारा माणूस तग धरत नाही. ‘मग मच्छीमार आहेत.’ तेही धावतात, नेहमीच धावले आहेत. पण वारा सुटल्यावर बोट सोडू नका, जॅकेटाशिवाय माणूस चढवू नका, हे दरडावून सांगण्याचा अधिकार त्यांना कोणी दिलाय? लाँचचं खरं काम बोट उलटण्याच्या आधीचं आहे.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: सरकारी बोटी सडतात. खरं आहे. किनारी सुरक्षा योजनेच्या पहिल्या टप्प्यात देशभरच्या सागरी पोलिसांना २०४ बोटी मंजूर झाल्या. पुढे कुठे तांडेल नाही, कुठे डिझेल नाही, कुठे दुरुस्ती रखडलेली, असे शेरे महालेखापालांच्या अहवालांत राज्यामागून राज्याबद्दल आले. पण यातून बोट नको असं कसं सिद्ध होतं? सिद्ध होतं ते एवढंच, की खरेदी झाली आणि निगा राखायची राहून गेली.

लाँच चालून झिजते त्याहून जास्त उभी राहून मरते. टाकीत पाणी साचतं, बॅटरी उतरते, थंड पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबरी चक्र कडक होऊन तुटतं आणि पहिल्याच हाकेला इंजिन तापून बंद पडतं. जीपसारखा किलोमीटरचा हिशेब इथे चालत नाही. इंजिनाचे तास लिहावे लागतात. आठवड्याला ठरलेली फेरी, फेरीनंतर पंख्यात गुंतलेली जाळी आणि जलपर्णी काढणं, आणि या सगळ्यासाठी वेगळा मंजूर निधी हवा. दर बदलीला नवा शिपाई शिकवत बसण्यापेक्षा इथल्याच भोई तरुणांना नावाडी म्हणून कायम नेमावं. पाण्याखालची भिंत कुठे आहे हे त्यांना नकाशाशिवाय कळतं.

भिंत म्हणतोय ती शब्दशः. उजनीचा निम्म्याहून अधिक साठा मृतसाठा. उन्हाळ्यात पातळी उण्यात जाते आणि पळसदेवचं जुनं पळसनाथ मंदिर पाण्याबाहेर येतं. पावसाळ्याअखेर जिथे लाँच बांधली, तिथे मे महिन्यात भेगाळलेला गाळ असतो. म्हणून इथे पक्क्या धक्क्यावर पैसा घालू नये. ट्रेलर द्यावा, तो ओढणारी गाडी द्यावी, आणि पाणी मागे सरेल तसं लाँचने कळाशीच्या काठाने त्याच्या मागोमाग सरकत राहावं.