पैसा सरकारचा, पहारा आपला

गेल्या महिन्यात एका रविवारी विहारातली वंदना आटोपून आम्ही चपला घालत होतो. तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या मावशी सुनेला घेऊन आल्या. "जयभीम भाऊ, एवढा कागद बघता का?" म्हणाल्या. कागद एका खासगी दवाखान्याचा होता. सुनेला दोन लेकरे, धाकटे अजून अंगावर पिणारे, आणि पुन्हा दिवस गेलेले. नववा आठवडा. मुलगा ट्रकवर, महिना महिना बाहेर. तिसरे मूल आता झेपणार नाही, हे नवरा-बायकोने फोनवर बोलून ठरवले होते. दवाखान्याने सांगितले, "नवऱ्याची सही आणा आणि बारा हजार भरा." नवरा परराज्यात आणि बारा हजार कुठेच नाहीत. कोणीतरी एका बाईचा पत्ता दिला होता. ती हे काम दीड हजारात घरच्या घरी करते म्हणे. त्या पत्त्यावर जावे का, एवढेच मावशींना विचारायचे होते.

आम्ही कारकून माणूस, डॉक्टर नव्हे. पण कागद वाचणे हा आमचा धंदा. त्या कागदावर ना शिक्का, ना मान्यतेचा उल्लेख. नुसता पेनाने लिहिलेला आकडा. आम्ही मावशींना सांगितले, "त्या पत्त्यावर पाऊल टाकू नका. आणि नवऱ्याच्या सहीची गरजच नाही."

गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे. त्यात १८ वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची नाही, सासूची नाही. अज्ञान मुलगी किंवा मानसिक रुग्ण असेल तरच पालकाची लेखी संमती लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. २० ते २४ आठवड्यांत ठरावीक स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यात अविवाहित स्त्रीलाही वगळता येणार नाही असे सांगितले. स्त्रीचे नाव बाहेर फोडणे हाही गुन्हा आहे. हे काम सरकारी रुग्णालयात होते. खासगी दवाखान्याला मात्र आधी मान्यता घ्यावी लागते आणि ते प्रमाणपत्र येणाऱ्याला दिसेल असे लावावे लागते.

हिशेबाच्या खात्यात आम्ही एक गोष्ट शिकलो. खर्चाला मंजुरी लागते आणि झालेल्या खर्चाला तपासणी लागते. एक असून दुसरी नसेल तर खाते बुडते. बाईच्या आरोग्याचेही असेच आहे.

मंजुरीची मागणी आपल्याकडे जुनी आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेचे बिल आले तेव्हा परमपूज्य बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाची विश्रांती हे राष्ट्राचे हित आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत ठराव मांडला. सरकारने संततिनियमनाचा प्रचार करावा आणि त्यासाठी पुरेशा सोयी पुरवाव्यात, असा तो ठराव. भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. ठराव फेटाळला गेला. पण गोरगरीब बाईची कूस हा सरकारी तिजोरीचा विषय आहे, हे त्या दिवशी सभागृहाच्या कामकाजात नोंदले गेले. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातले बाळंतपण मोफत झाले. सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण, सगळे त्यात आले. १९३८ ची मागणी किती दूरवर पोचली ते पाहा.

आता तपासणीचे बघू. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात सरकारी खर्चाने कुटुंब नियोजनाची शिबिरे झाली. एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या. १३ बायका दगावल्या. पैसा होता, पहारा नव्हता. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असा आदेश दिला.

आपल्या बीडचे उदाहरण तर घरचेच. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याची ओरड झाली, तेव्हा २०१९ मध्ये सरकारने समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली निघाली. कोयता चुकला की मजुरी बुडते, दंड बसतो. मग पोट दुखले की कर्ज काढून पिशवी काढायची आणि पुन्हा फडात उभे राहायचे. हा सगळा प्रकार वर्षानुवर्षे चालला आणि वहीत कोणी लाल रेघ मारली नाही.

तिसरे उदाहरण सोनोग्राफीचे. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, १९८८ साली. देशाचा कायदा १९९४ चा. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ वर आल्या. बीडमध्ये ८०७. कायदा होता, तपासणारे हात ढिले होते. आणि विचारायला जाणारे आपल्यातलेच होते. 'आम्ही बौद्ध, आमच्यात असले नाही' असे म्हणून कोणी छाती फुगवू नये. आपल्या गल्लीतल्या मुली मोजाव्यात.

या दोन कायद्यांची गल्लत मात्र करू नका. मुलगा की मुलगी हे विचारणे गुन्हा आहे. विचारायला लावणारा नवरा आणि सासरचेही त्यात अडकतात. पण कायद्याच्या चौकटीतला गर्भपात गुन्हा नाही. या गल्लतीवरच काही जण धंदा करतात. गुन्हा असल्यासारखे कुजबुजतात आणि कुजबुजीचे बारा हजार लावतात.

म्हणून आमच्या माता-भगिनींनी पदराला गाठ मारून ठेवावी. दवाखान्यात शिरल्यावर आधी भिंतीवरचे प्रमाणपत्र शोधा. सही तुमचीच पुरते, हे ठणकावून सांगा. पैसे घेतले तर पावती मागा. सरकारी रुग्णालयात बाळंतपणाचे पैसे मागितले तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे अर्ज लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, पोच कपाटात राहते. अर्ज लिहायला कोणी नसेल तर रविवारी विहारात या. आम्ही असतो.

मावशींच्या सुनेबरोबर आमच्या मंडळी सरकारी रुग्णालयात गेल्या. तिथेही खिडकीवरच्या बाबूने आधी "मालक कुठे आहेत?" असे विचारलेच. सून म्हणाली, "मालक ट्रकवर आहेत. सही मी करते." आणि तिने केली. तपासणी झाली, एक रुपया लागला नाही. पुढे तांबी बसवायची की गोळ्या घ्यायच्या, हेही तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून दिले. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा धाकटे दाराशीच रडत बसले होते. तिने त्याला उचलून घेतले.

दीड हजाराचा तो पत्ता मावशींनी आमच्यासमोरच फाडला.